गाठ, ग्लासगो आणि आमचा गुंड्या

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारी सकाळी चहा घेत बसलो होतो आणि मांडीवरच्या गुंड्याच्या जबड्याखाली, उजव्या बाजूला, हाताला काहीतरी लागलं. हरभऱ्याएवढं. दाबलं की सरकणारं. गुंड्या म्हणजे आमचा बोका. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका स्कूटरच्या इंजिनाजवळ ऊब घेत बसलेला सापडला, तेव्हापासून घराचा मालक तोच; आम्ही आपले फ्लॅटचे हप्ते भरतो.

आईने बोट लावून पाहिलं आणि म्हणाली, "अरे, मेला भांडून आला असेल कुठेतरी. अवधाण आलंय." शेजारच्या काकूंचं निदान वेगळं होतं. "गाठ आहे ना? मग काही खरं नाही हो. आमच्या मोतीचं असंच झालं होतं." मोती कुत्रा होता, पण काकूंच्या लेखी तो तपशील गौण.

दवाखान्यात नेलं. ताप होता, वजन थोडं उतरलं होतं. तिथे रक्ताच्या दोन-तीन थेंबांवर एक किट-टेस्ट केली. प्रेग्नन्सी टेस्टसारखी पट्टी असते, दहा मिनिटांत रेषा उमटते. उमटली. फिकट, पण उमटली. समोरचे डॉक्टर तरुण होते, अतिशय सभ्य होते. म्हणाले, "फेलाइन ल्युकेमिया पॉझिटिव्ह आहे. वर गाठ पण आहे. घरात दुसरं मांजर आहे का? ...मग याचा विचार करून ठेवा तुम्ही."

विचार करून ठेवा म्हणजे काय, हे मला घरी पोचेपर्यंत कळलं नाही. बायकोला तिथेच कळलं होतं. ती रिक्षात काही बोलली नाही.

घरात दुसरं मांजर होतंच. साखरी. दोघांची वाटी एक, झोपायची उशी एक, आणि एकमेकांना चाटून स्वच्छ करण्याचा कार्यक्रम दिवसातून चार वेळा. त्या रात्री गुंड्याला बेडरूममध्ये बंद केलं आणि मी गुगलायला बसलो. पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे 'एरर आली की आधी तिचा इतिहास बघ' ही सवय. सोमवारपर्यंत पहाटे तीन-तीनपर्यंत वाचत होतो. जे सापडलं ते गुंड्यापेक्षा खूप मोठं होतं. आज तेच लिहितोय.

आधी गाठीबद्दल

ज्याला आपण सरसकट 'गाठ' म्हणतो ती बरेचदा लसिका ग्रंथी असते, म्हणजे लिम्फ नोड. माणसासारख्याच त्या मांजरालाही असतात: जबड्याखाली, खांद्याच्या पुढे, काखेत, जांघेत, मागच्या गुडघ्याच्या पाठीमागे. शिवाय छातीत आणि पोटात, जिथे बोट पोचत नाही. शरीरातून गाळून आलेला द्रव या चौक्यांमधून जातो आणि पांढऱ्या पेशी तिथे त्याची झडती घेतात. काही संशयास्पद सापडलं की पेशींची संख्या वाढते आणि चौकी सुजते. मराठीत यासाठी शब्दांची कमी नाही. पायाला जखम झाली की जांघेत येतं ते अवधाण, मानेत टीबीची माळ लागते ती गंडमाळ, आणि काखेत येते ती काखमांजरी (मांजराचा इथे काय संबंध, देव जाणे!). १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा लोकांच्या काखा-जांघा तपासत होते ते याच गाठींसाठी.

म्हणजे गाठ ही मुळात खूण आहे, रोग नव्हे. किडलेल्या दातानं येते, मारामारीत चावा बसून पू झाला की येते. तरुण मांजरांत तर कधीकधी अंगभर गाठी येतात, सूक्ष्मदर्शकाखाली अगदी कॅन्सरसारख्या दिसतात आणि आपोआप जातातही. पण कधीकधी तो खरंच कॅन्सर असतो. पांढऱ्या पेशींचाच कॅन्सर. आज त्याला लिम्फोमा म्हणतात, पूर्वी लिम्फोसार्कोमा म्हणत. मांजरांमध्ये सर्वांत जास्त आढळणाऱ्या कॅन्सरपैकी हा एक.

साठ वर्षांपूर्वी प्रश्न असा होता की, तो होतो कशामुळे?

कोंबड्या, उंदीर आणि एक न आवडणारी कल्पना

कॅन्सर संसर्गाने होऊ शकतो ही कल्पना विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात सभ्य वैज्ञानिकांना फारशी आवडत नसे. १९०८ साली कोपनहेगनमध्ये एलरमान आणि बांग या दोघांनी ल्युकेमिया झालेल्या कोंबडीच्या पेशी गाळून टाकल्या आणि उरलेला पेशीविरहित द्रव निरोगी कोंबड्यांना टोचला. त्यांनाही ल्युकेमिया झाला. फारसं कुणी लक्ष दिलं नाही, कारण तेव्हा ल्युकेमियाला कॅन्सरमध्ये धरतच नसत. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये पेटन राउस यांनी कोंबडीच्या घट्ट गाठीबाबत तेच दाखवलं. तेव्हा लोक म्हणाले, कोंबडीचं काय घेऊन बसलात! राउस यांना त्याबद्दल नोबेल मिळालं ते १९६६ साली. पंचावन्न वर्षांनी. (आमच्याकडे बग रिपोर्ट तीन महिने पडून राहिला तर लोक राजीनाम्याच्या गोष्टी करतात.)

१९५१ साली लुडविक ग्रॉस यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांना ल्युकेमियाचा अर्क टोचून सस्तन प्राण्यातही हे घडतं असं दाखवलं. पण टीकाकारांकडे उत्तर तयार होतं. हे प्रयोगशाळेतले उंदीर, पिढ्यान् पिढ्या भावाबहिणींचं प्रजनन करून घडवलेले. खऱ्या जगात, घराघरांत फिरणाऱ्या प्राण्यात असं काही होतं का? ते दाखवा.

ते दाखवलं मांजरांनी. ग्लासगोमध्ये.

एका घरातली मांजरं

विल्यम जॅरेट हे ग्लासगो विद्यापीठातले पशुवैद्य. त्याआधी गुरांच्या फुप्फुसातल्या जंतांवर लस शोधणाऱ्या गटात ते होते. ती लस १९५९ मध्ये बाजारात आली होती. म्हणजे माणूस बऱ्यापैकी प्रस्थापित होता. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या कानावर आलं की शहरात एका घरात बरीच मांजरं पाळलेली आहेत आणि त्यांतली एकामागून एक लिम्फोसार्कोमानं जात आहेत.

इथे थोडं थांबूया. एखाद्या घरातली दोन-तीन मांजरं कॅन्सरनं गेली तर आपण काय म्हणू? नशीब म्हणू. नाहीतर आनुवंशिक म्हणू. पण त्या घरातली मांजरं एकाच रक्ताची नसतील, आणि समान असेल फक्त घर, वाट्या आणि सहवास, तर? जॅरेट यांना हा आकृतिबंध साथीसारखा वाटला. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अशा आजारी मांजराच्या गाठीतलं द्रव्य घेऊन पिल्लांना टोचलं आणि वाट पाहिली. महिने गेले. पिल्लांना तोच रोग झाला. मग त्या पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तर पेशींच्या भिंतीतून कळ्यांसारखे फुटून बाहेर पडणारे गोल कण दिसले. उंदरांच्या ल्युकेमियातल्या विषाणूसारखेच. १९६४ साली 'नेचर'मध्ये हे निबंध आले. विषाणूला नाव मिळालं फेलाइन ल्युकेमिया व्हायरस.

खरं सांगायचं तर हे नाव थोडं फसवं आहे. हा विषाणू अंगात भिनलेली अनेक मांजरं ल्युकेमियानं मरतच नाहीत. काहींना रक्तक्षय होतो, काहींची प्रतिकारशक्ती इतकी ढासळते की साधी सर्दी, हिरड्यांची सूजही झेपत नाही. १९७०च्या दशकात हे चित्र स्पष्ट होत गेलं. पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं. 'ल्युकेमिया पॉझिटिव्ह' हे शब्द ऐकून रिक्षात माझी बायको गप्प झाली त्यात या नावाचा वाटा होताच.

भीतीचे दिवस

१९६९ मध्ये आणखी एक बातमी आली. विल्यम जॅरेट यांचे बंधू ऑस्वल्ड जॅरेट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हा विषाणू काचपात्रात वाढवलेल्या माणसाच्या पेशींमध्येही वाढतो. झालं! मांजर पाळणाऱ्या घरांत त्या बातमीनं काय झालं असेल याची कल्पना करा. पुढे मांजरमालक, पशुवैद्य अशा लोकांमध्ये शोध घेतला गेला. माणसाला हा विषाणू लागतो असा पुरावा मिळाला नाही, आजवर मिळालेला नाही. पण ते कळायला वेळ लागला, आणि भीतीला वेळ लागत नाही.

१९७३ हे वर्ष महत्त्वाचं. न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंगमधले विल्यम हार्डी यांनी आणि इकडे ग्लासगोच्या गटाने, दोघांनीही त्याच वर्षी दाखवलं की विषाणू एका मांजराकडून दुसऱ्याकडे सहवासातून जातो. आईकडून पिल्लाला तर जातोच, पण लाळेतून, एकमेकांना चाटण्यातून, सामायिक वाटीतूनही जातो. हार्डी यांनी रक्ताच्या काचपट्टीवर चमकणारी प्रतिपिंडं वापरून एक चाचणीही बसवली. आता कुठल्याही मांजराच्या थेंबभर रक्तावरून सांगता येऊ लागलं, आहे की नाही.

मग त्यांनी एक साधी गोष्ट करून पाहिली. ज्या घरांत बरीच मांजरं आहेत तिथे सगळ्यांची तपासणी, बाधित वेगळी, उरलेल्यांची काही महिन्यांनी पुन्हा तपासणी. उरलेली मांजरं निरोगी राहिली. ना लस, ना औषध, नुसती तपासणी आणि विलगीकरण, आणि साथ आटोक्यात. १९७६ साली त्यांनी हे 'नेचर'मध्ये मांडलं. एका जातीच्या कॅन्सरला त्याचा संसर्ग तोडून आळा घालता येतो हे रस्त्यावरच्या, घरातल्या प्राण्यांत सिद्ध झालं होतं. मला हा प्रयोग फार आवडतो. यंत्र मोठं नाही, आकडेमोड साधी, आणि निकाल नि:संदिग्ध.

पण 'वेगळी करा' याचा प्रत्यक्षातला अर्थ काय होता? ज्याच्याकडे दुसरी खोली, दुसरं घर, घेणारा दुसरा माणूस आहे त्याच्यासाठी वेगळी करणं. बाकीच्यांसाठी सुई. त्या वर्षांत पॉझिटिव्ह मांजराला, ते धडधाकट असलं तरी, झोपवून टाकण्याचा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिला जाई. किती मांजरं अशी गेली याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. ती मारणारे लोक दुष्ट होते असं मला मुळीच वाटत नाही. घरातली बाकीची दहा वाचवायची होती, माणसांच्या मुलांची काळजी होती, आणि हातात चाचणी होती जी 'हो' किंवा 'नाही' सांगत होती.

'हो' म्हणजे नेमकं काय?

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. प्रोग्रॅममध्ये एखादं चल फक्त ट्रू किंवा फॉल्स असतं तेव्हा काम सोपं होतं. पण त्या ट्रूमागे कुणीतरी एक प्रश्न विचारलेला असतो, आणि पुढे वापरणाऱ्याला तो प्रश्न माहीत नसतो. निम्मे बग इथून येतात.

हार्डींच्या चाचणीचा प्रश्न होता: रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या आत विषाणूचं प्रथिन आहे का? नंतर आलेल्या एलायझा चाचणीचा आणि तिच्यावर बेतलेल्या दवाखान्यातल्या किटचा प्रश्न वेगळा: रक्तद्रवात आज विषाणूचं प्रथिन तरंगतंय का? मांजरवाल्याचा प्रश्न तिसराच: माझं मांजर मरणार का?

या तीन प्रश्नांची उत्तरं एकच नाहीत हे कळलं ते मांजरांकडे पुन्हापुन्हा बघितल्यामुळे. १९७६ मध्ये एडवर्ड हूवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या वयाच्या मांजरांना विषाणू टोचून पाहिला. नवजात पिल्लं जवळजवळ सगळी सापडली, मोठी मांजरं बरीचशी निसटली. वय वाढतं तसा प्रतिकार वाढतो. काही मांजरं आज पॉझिटिव्ह असतात आणि काही आठवड्यांनी निगेटिव्ह. ज्यांना पहिल्याच पॉझिटिव्हवर सुई मिळाली, त्यांची दुसरी चाचणी अर्थातच कधी झाली नाही.

मग ती बरी होतात का? इथे १९७० सालच्या एका शोधाकडे वळावं लागतं. हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी त्या वर्षी स्वतंत्रपणे दाखवलं की अशा विषाणूंकडे एक विलक्षण एन्झाइम असतं. ते स्वतःचा आरएनए उलटा वाचून त्याचा डीएनए बनवतं, आणि तो डीएनए पेशीच्या मूळ डीएनएत शिवला जातो. (दोघांना १९७५ चं नोबेल मिळालं.) आमच्या भाषेत, व्हायरस फाइल म्हणून पडून राहत नाही, तो तुमच्या सोर्स कोडमध्ये कमिट होतो. त्यामुळे मांजरानं रक्तातून विषाणू हुसकावला तरी काही पेशींमध्ये त्याची प्रत झोपून राहू शकते. म्हणून आज पशुवैद्य तीन गट करतात. पहिल्या गटात विषाणू वाढतच राहतो. ही मांजरं बहुधा काही वर्षांत जातात. दुसऱ्यात शरीर त्याला दाबून ठेवतं. रक्तात प्रथिन नाही, पण डीएनएत प्रत आहे. अशी मांजरं सहसा इतरांना लागण देत नाहीत, बरीचशी नेहमीसारखी जगतात, मात्र मोठं आजारपण किंवा स्टेरॉइडसारखी औषधं यांनी झोपलेला पुन्हा जागा होऊ शकतो. तिसऱ्या गटात शरीर त्याला आधीच परतवून लावतं.

शिवाय साधं गणित आहेच. समजा, १००० मांजरांत २० बाधित आहेत. चाचणी चांगली आहे: वीसातली १९ पकडते, आणि निरोगी शंभरात फक्त एकदा चुकते. ९८० निरोगी मांजरांत तिच्या साधारण १० चुका होतील. एकूण पॉझिटिव्ह २९, त्यातली १० निरोगी. म्हणजे पट्टीवर रेषा आलेल्या तीनांतलं एक मांजर ठणठणीत! चाचणी वाईट नाही, रोग दुर्मीळ आहे म्हणून असं होतं. आजारी, भटकी, मारामाऱ्या करणारी मांजरं घेतली तर बाधितांचं प्रमाण वाढतं आणि रेषेवरचा विश्वासही वाढतो.

मांजरांकडून माणसाकडे

मॅक्स एसेक्स हेही मुळात पशुवैद्य. हार्वर्डमध्ये ते मांजरांच्या या विषाणूवर काम करत होते. मांजरात विषाणू प्रतिकारशक्ती खच्ची करतो हे त्यांना रोज दिसत होतं. १९८१ मध्ये अमेरिकेत तरुण माणसांमध्ये प्रतिकारशक्ती कोसळण्याचा नवा रोग नोंदला गेला, आणि त्यातल्या अनेकांना आधी महिनोन् महिने एकच लक्षण असे: मानेत, काखेत, जांघेत गाठी. एसेक्स यांनी हा रोग अशाच जातीच्या विषाणूनं होत असावा असं सुरुवातीच्या काळातच म्हटलं. मांजर ज्यानं पाहिलं होतं त्याला हे सुचणं स्वाभाविक होतं.

जानेवारी १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये एका रुग्णाच्या मानेतली गाठ काढून आणली गेली. फ्रान्स्वाज बारे-सिनुसी, ल्युक माँतान्ये आणि सहकाऱ्यांनी तिच्यातल्या पेशी वाढवल्या आणि टेमिन-बाल्टिमोर यांचं ते उलटं वाचणारं एन्झाइम त्यात शोधलं. सापडलं. त्या विषाणूला त्यांनी दिलेलं पहिलं नाव लिम्फॅडेनोपथी असोसिएटेड व्हायरस, म्हणजे सरळ मराठीत 'गाठींच्या रोगाचा विषाणू'. आपण त्याला आज एचआयव्ही म्हणतो. २००८ चं नोबेल या दोघांना मिळालं.

आणि मग गोष्ट फिरून परत मांजराच्या घरात आली. कॅलिफोर्नियात पेटालुमा नावाचं गाव आहे. तिथे एका घरी बऱ्याच मांजरांना आसरा दिलेला होता. त्यातली काही सतत आजारी पडत होती, हिरड्या सुजत, जुलाब थांबत नसत, काही मेली. ल्युकेमियाची चाचणी मात्र निगेटिव्ह येत होती. चाचणी 'नाही' म्हणतेय म्हणून कुणी गप्प बसलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण शंका डेव्हिसच्या पशुवैद्यक महाविद्यालयापर्यंत पोचली आणि नील्स पीडरसन, जॅनेट यामामोटो आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये त्यातून नवा विषाणू वेगळा केला, १९८७ मध्ये 'सायन्स'मध्ये मांडला. तो एचआयव्हीच्या कुळातला, पण मांजराचा. आज त्याला एफआयव्ही म्हणतात. लागण झाल्यावर काही आठवड्यांत अंगभर गाठी येणं ही त्याची सुरुवातीची खूण, आणि मग कित्येक वर्षं काहीच नाही. तोही माणसाला लागत नाही. दवाखान्यातल्या बऱ्याच किटवर या दोन्ही विषाणूंची तपासणी एकत्रच असते.

म्हणजे दोन्ही वेळा सुरुवात झाली ती एका घरातल्या मांजरांकडे कुणीतरी नीट बघितल्यामुळे.

लस आणि तिची किंमत

१९८५ मध्ये अमेरिकेत ल्युकेमिया विषाणूवरची पहिली लस आली. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या कामातून निघालेली. या कुळातल्या विषाणूवर माणसासाठी अजून लस नाही, मांजराला मात्र चाळीस वर्षांपासून आहे! चाचणी आणि लस दोन्ही रुळल्यावर मांजरांतला लिम्फोमाच बदलला. पूर्वी निम्म्याहून अधिक रुग्ण विषाणूवाले आणि तरुण असत, गाठ छातीत असे. आता ज्या देशांत हे उपाय पोचले तिथे बहुतेक रुग्ण म्हातारे, विषाणू नसलेले आणि आतड्याचा लिम्फोमा झालेले असतात.

पण १९९१ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या दोघांनी एक छोटं पत्र छापलं. मांजरांत सुई टोचण्याच्या जागी घातक गाठी वाढताना दिसतायत, हा लशीचा परिणाम तर नव्हे? १९९३ मध्ये मोठ्या पाहणीतून संबंध दिसला. रेबीज आणि ल्युकेमिया या दोन लशी त्यात होत्या. प्रमाण अगदी कमी, दहा हजारांत काही मोजकी. पण ज्याचं मांजर त्यातलं असेल त्याला प्रमाण काय सांगणार? लस बंद करा म्हणणारे आणि पत्र दडपा म्हणणारे, दोन्ही तट तयार होऊ शकले असते. झालं ते वेगळंच. अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी ठरवलं, ल्युकेमियाची लस डाव्या मागच्या पायात खाली, रेबीजची उजव्या मागच्या पायात खाली. कारण? गाठ झालीच तर कुठल्या लशीनं झाली ते कळेल, आणि पाय कापून मांजर वाचवता येईल. कोरडा, भयंकर, आणि अतिशय प्रामाणिक उपाय. सरसकट सगळ्यांना दर वर्षी टोचण्यापेक्षा पिल्लांना आणि बाहेर फिरणाऱ्यांना प्राधान्य द्या, असा विचारही पुढे रुळला.

आता गुंड्याचं

त्या सोमवारी ऑफिसातून सुट्टी घेऊन आम्ही दुसऱ्या एका डॉक्टरबाईंकडे गेलो. वयानं मोठ्या. त्यांनी गुंड्याचं तोंड उघडलं आणि पहिलं वाक्य म्हणाल्या, "याचा दात बघितलात का कुणी?" खालची उजवी दाढ मुळाशी कुजलेली होती. गाठीत बारीक सुई घालून त्यांनी दोन थेंब काचेवर घेतले. रिपोर्ट आला: नुसती सूज, कॅन्सरच्या पेशी नाहीत. दाढ काढली.

आई म्हणाली, "मी काय म्हणत होते?" आईनं मारामारी म्हटलं होतं, दात नव्हे. पण गाठ ही गाठच आहे, कॅन्सर नव्हे, हे तिनं बरोबर सांगितलं होतं. मी वाद घातला नाही.

ल्युकेमियाची रेषा मात्र राहिली होती. बाई म्हणाल्या, दोन महिने वेगळा ठेवा, मग पुन्हा बघू. ते दोन महिने बेडरूममध्ये गुंड्या आणि मी, बाहेर साखरी आणि बायको. दाराच्या फटीतून दोघांचे पंजे. साखरीची चाचणी निगेटिव्ह आली. दोन महिन्यांनी गुंड्याची किट-टेस्ट पुन्हा केली. रेषा नाही! मी उडी मारायच्या बेतात होतो, पण बाईंनी रक्त प्रयोगशाळेत पीसीआरला पाठवलं. ते पॉझिटिव्ह आलं.

म्हणजे पहिली रेषा खोटी नव्हती. त्या तरुण डॉक्टरांची चाचणी बरोबर होती. गुंड्याला विषाणू लागला होता, त्याच्या शरीरानं तो दाबला, आणि कुठेतरी एक प्रत अजून झोपली आहे. दुसऱ्या गटातला बोका. तो उद्या आजारी पडणार नाही असं कुणीही मला लिहून दिलेलं नाही. पण 'विचार करून ठेवा' या सल्ल्यावर आम्ही त्याच आठवड्यात विचार केला असता, तर एका किडलेल्या दाढीपायी आणि एका बरोबर आलेल्या रेषेपायी तो गेला असता. या इतिहासातून मी एवढंच घेतलं: रेषा बरोबर असली तरी ती कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे ते विचारायचं, आणि दुसरी चाचणी होईपर्यंत प्राण्याला जिवंत ठेवायचं. तुमच्या घरी कधी अशी रेषा आली तर त्या रात्री काही ठरवू नका. वाटी वेगळी करा, खोली वेगळी करा, दात बघायला सांगा, आणि आठवडे मोजा.

साखरीला तिच्या निगेटिव्ह रिपोर्टनंतरही काही दिवस वेगळंच ठेवलं होतं. मग बाईंचा सल्ला घेऊन दार उघडलं. ती आत आली, गुंड्याच्या कानाचा वास घेतला, एक थप्पड ठेवून दिली आणि मग अर्धा तास त्याला चाटत बसली.

दर रविवारी चहा घेताना मी त्याच्या जबड्याखाली बोट घालतो. गाठ पूर्ण गेलेली नाही, मुगाएवढी आहे. एक्सेलमध्ये तारीख आणि आकार लिहितो. आजची नोंद: मूग.